परस्थानाचं गाठोडं

आम्ही नवराबायको कन्याकुमारीला निघालो त्याला चार वर्षं झाली. देह तेवढे यंदा माघात हलले.

कोड्यात बोलत नाही मी. आमच्याकडे रीतच आहे. प्रवासाचा मुहूर्त निघतो, पण त्या दिवशी जायला जमत नाही. मग तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि अंगावरचं एखादं कापड बांधायचं आणि ते गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. याला परस्थान म्हणतात. गाठोडं उंबऱ्याबाहेर पडलं की माणूस निघाला असं धरतात. ते परत घरात आणायचं नाही. जाताना तिथूनच उचलायचं आणि पुढं व्हायचं.

त्या वर्षी ऊस कारखान्याला गेला होता आणि आमचा छोटा हत्ती, म्हणजे माल वाहायचा टेंपो, दारात रिकामा उभा होता. मागं ताडपत्री बांधायची, स्टोव्ह, पीठ, चटणी बरोबर घ्यायची, देवळात नाहीतर पेट्रोलपंपावर झोपायचं आणि रस्ता संपेल तिथं समुद्र बघायचा, असा माझा बेत. लॉजचं नावसुद्धा काढायचं नाही. माझ्या चुलत सासऱ्यांनी, दत्तोबा तात्यांनी, मुहूर्त काढला. यांचा पंचा आणि माझा खण बांधून गाठोडं मी शेजारच्या सिताराकडे ठेवलं. दुसऱ्याच दिवशी कालव्याला पाणी सुटलं आणि यांनी फावडं उचललं. पुढच्या वर्षी गाय व्यायला झाली. त्यापुढच्या वर्षी काय झालं ते आठवतही नाही, पण काहीतरी झालंच. यांचं नाव ठेवलंय दिग्विजय आणि स्वारी आजवर टेंभुर्णीच्या पलीकडे गेलेली नाही. तात्या एकदा सिताराच्या देखतच म्हणाले की एका जागी पडून परस्थान शिळं होतं. मी बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

पण मी निघालेलीच होते. खुरपताना उसाचं पान गालाला कापायचं तेव्हा मी कुठल्यातरी घाटात असायचे. संध्याकाळी सितारा दूध न्यायला यायची आणि चरवी पुढं करून विचारायची, "कुठवर आलीस?" मी डोळे मिटायचे आणि सांगायचे, आज तुंगभद्रा ओलांडली. आज वाटेनं नारळच नारळ. ती कधी हसली नाही. उलट रस्ता कसा होता, जेवलात काय, असं निगुतीनं विचारायची. गेल्या दिवाळीत मात्र मी डोळे मिटले आणि काही दिसेचना. गाडी पुढं जाईना, असं तिला सांगितलं. हा सगळा प्रवास आमच्या कळस गावच्या बांधावरच संपणार, या भीतीनं मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

यंदा ऊस तुटला आणि यांच्या मनात काय आलं देव जाणे, सकाळी धार काढून झाल्यावर म्हणाले, चल. मी हाताला येईल ते गाडीत कोंबलं. यांचं मन फिरू नये म्हणून वस्ती मागं पडेपर्यंत जीव मुठीत धरून डोळे मिटून बसले होते.

भिगवणला उजनीच्या पाण्याकाठी थांबलो आणि स्टोव्हवर चहा ठेवला. पाण्यावर धुकं होतं आणि धुक्यात उभे असलेले अग्निपंख पक्षी नुसते गुलाबी डाग दिसत होते. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. मी सिताराला फोन केला, भिगवणला आहोत, गाईकडे बघ म्हणाले. तिनं एवढंच विचारलं, "गाठोडं घेतलंस?"

गाठोडं तिच्याकडेच राहिलं होतं. नेमका तेव्हाच यांनाही कुणाचा तरी फोन आला की कालव्याला परवा पाणी सुटतंय. शाळा सुटल्यावर पोराचा होतो तसा यांचा चेहरा झाला. म्हणाले, परत फिरू, गाठोडंही घेता येईल आणि पाणीही धरता येईल.

यांना मी ओळखून आहे. एकदा परत उंबऱ्यात पाय पडला की संपलं.

"गाठोडं ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले. "तुमी जावा. मी हितंच बसते."

आणि बसले. रडूही आलं. गाठोडं टाकून जायचं म्हणजे चार वर्षं चाललेली वाट खोटी ठरवायची. हे टेंपोला टेकून उभे राहिले. चहा उतू गेला तरी कुणी उठलं नाही.

अर्ध्या तासानं सिताराच्या मालकांची, अफजलभाऊंची, मोटरसायकल आली. मागं सितारा बसलेली, मांडीवर गाठोडं. मी ते हातात घेतलं तर ठेवलं होतं त्याहून जड. सोडलं तर तांदळात वाळू आणि दोन-चार शिंपले.

सितारा खाली बघत म्हणाली, "एका जागी ऱ्हायलं की शिळं होतं, तात्या म्हणले व्हते. म्हणून कुठं बी गेले की संगं न्यायचे. हीनाकडं रत्नागिरीला गेले तवा दर्यावर बी नेलं."

हीना म्हणजे तिची लेक.  मी तिचा हात धरून ठेवला.

यांनी चिमूटभर वाळू तळहातावर घेतली, लागणीआधी माती बघतात तशी अंगठ्यानं चोळली आणि जिभेला लावली.

"ह्यात काय पिकतं?" यांनी विचारलं.

"काय न्हाय, भाऊ," सितारा म्हणाली. "नुसतं बघायचं असतं."

हे धुक्याकडे बघत राहिले. पाणी मी धरतो, असं अफजलभाऊ हळूच म्हणाले. यांनी स्वतःच्या हातानं गाठोडं बांधलं, पुढं काचेपाशी ठेवलं आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सोलापूर केव्हाच मागं पडलं होतं. दुधाच्या वेळेला फोन वाजला.

"कुठवर आलीस?"

सवयीनं माझे डोळे मिटले. मग मी ते उघडले आणि बाहेर बघितलं. दोन्ही बाजूंना ज्वारीची रानं, तिरपं ऊन आणि दुकानांवर गोल गोल वळणांची अक्षरं.

"ठाऊक न्हाय गं," मी म्हणाले. "पाट्या वाचता येईनात."

तेव्हा सितारा पहिल्यांदा हसली.