शिगेनोच्या स्वयंपाकघराखाली

मित्रांनो, माझे पोट मोठे, मान आखूड आणि रंग भाजलेल्या वांग्यासारखा. मी लोणच्याची एक जुनी बरणी आहे. जपानमधल्या ओनोमिची गावात, समुद्राकडे तोंड करून बसलेल्या डोंगरावरच्या एका घरात माझी ऐंशी वर्षे गेली. तीही जमिनीखाली.

भट्टीतून निघाले तेव्हा आम्ही चाळीस बहिणी होतो. गवतात गुंडाळून आम्हाला होडीने आणले. मग एक हमाल मला पाठीवर घेऊन दोनशे चौदा पायऱ्या चढला. त्या डोंगरावर गाडी जात नाही, फक्त पायऱ्या जातात. हमाल धापा टाकत म्हणाला, "ही परत खाली न्यायची असेल तर दुसरा माणूस बघा बरं!" तेव्हाच मला कळले, आता सुटका नाही.

आमच्या स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीत एक चौकोनी दार होते. ते उचलले की फळ्यांच्या दोन पायऱ्या आणि खाली कमरेइतका खोल दगडी खड्डा. थंडावा राहतो म्हणून मला तिथे बसवले. जागा इतकी अरुंद की माझ्याशेजारी जेमतेम एका माणसाचे पाय मावत.

माझ्या पोटात तेल-मसाला नसतो. तांदळाचा कोंडा, मीठ आणि पाणी यांचा ओलसर गोळा असतो. त्यात काकडी, मुळा, वांगे पुरायचे आणि दुसऱ्या दिवशी काढायचे. भाज्या बदलतात, कोंडा मात्र वर्षानुवर्षे तोच. तो जिवंत असतो. रोज हात घालून ढवळला नाही, तर रुसतो, आंबतो आणि शेवटी मरतो. म्हणजे माझे झाकण दिवसातून एकदा उघडायचे, तेवढाच माझा उजेड.

पहिला हात घरच्या मालकिणीचा, इसोबाईंचा. खरखरीत आणि घाईचा. मग एके वर्षी बावीस वर्षांची शिगेनो सून म्हणून घरात आली. समोरच्या बेटावरची मुलगी. सासूबाईंनी तिला पहिल्याच सकाळी खड्ड्यात उतरवले आणि म्हणाल्या, "आजपासून हे तुझं. एक दिवस चुकलीस तर मला वासावरून कळेल."

शिगेनोला तो वास सोसत नसे. हात तीनतीनदा धुतला तरी जात नसे. खिडकीतून तिच्या बेटाकडे जाणारी बोट दिसे, पण माहेरी जायचे तर रोजचा कोंडा कोण ढवळणार? त्या पहिल्या वर्षी ती माझ्याजवळ बसून रडायची, कारण घरात रडायला दुसरी जागा नव्हती. तिची आसवे माझ्यात पडली आहेत. मिठात मीठ मिसळले, कुणाला कळले नाही.

वर्षे गेली. सासूबाई गेल्या, गोदीत काम करणारा नवरा गेला. मुलगा नोरिहिसा, आमचा नोरी, शिकून हिरोशिमाला नोकरीला लागला. शिगेनोचे गुडघे दुखू लागले आणि पायऱ्या तिला जड झाल्या. किराणावाला मुलगा सामान वर आणून देई. आता आम्ही दोघीही अडकलो होतो, मी खड्ड्यात आणि ती डोंगरावर.

पण शिगेनो हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. ती नोरीला म्हणाली, "मला खाली जाता येत नाही ना? मग लोकांनाच वर बोलावू."

देशोदेशीचे प्रवासी गावात येत. नोरीने संगणकावर जाहिरात टाकली आणि आमच्याकडे घरगुती स्वयंपाकाचा वर्ग सुरू झाला. प्रवासी घामाघूम होऊन वर येत. शिगेनो त्यांना भात लावायला, सुक्या माशाचे सार काढायला, अंड्याची गुंडाळी करायला शिकवी. शेवटी जमिनीतले दार उचली आणि सगळ्यांना माझ्यात हात घालायला लावी. कुणी नाक दाबे, कुणी किंचाळे. एक उंच गृहस्थ म्हणाले, "अगदी घोड्याच्या तबेल्यासारखा वास!" शिगेनो हसून म्हणाली, "तबेल्यात जेवायला आलात तुम्ही. बसा आता." मित्रांनो, माझे कौतुक झाले ते त्या सात वर्षांत. किती देशांचे हात माझ्यात येऊन गेले!

मग एकदा वर्गातच शिगेनोला भोवळ आली. नोरी घाबरला. तो दुसऱ्या दिवशी आला आणि ऑफिसच्या कपड्यांतच स्वयंपाकघरात बसला.

"आई, बस झालं. पुढच्या महिन्यात तू माझ्याकडे येणार."

"आणि माझा वर्ग?"

"बंद. या महिन्यातली सगळी नावं मी रद्द केली. तसं कळवूनही टाकलं."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस का?"

शिगेनोने जमिनीतल्या दाराकडे बोट दाखवले. मग म्हणाली, "ही बरणी?"

"आई, नवव्या मजल्यावर कोंडा कुठे ठेवणार? ही राहू दे इथेच."

ते ऐकून मला काय वाटले ते सांगत नाही. रिकाम्या घरात, बंद दाराखाली, अंधारात मी किती दिवस जिवंत राहिले असते?

त्यानंतर आठ दिवसांची गोष्ट. सप्टेंबरची उकाड्याची सकाळ होती, सहा वाजले होते. शिगेनो नेहमीप्रमाणे मला ढवळायला उतरली. माझ्यावरचा वजनाचा दगड तिने जमिनीवर काढून ठेवला, झाकण त्याशेजारी टेकवले, आणि पायरीची जुनी फळी तिच्या पायाखाली मोडली.

ती खाली आली ती माझ्यावरच. मी कलंडले आणि तिचा डावा पाय माझ्या नि दगडी भिंतीच्या मध्ये सापडला. उजवे मनगट आपटून सुजले. तिने पाय ओढून पाहिला, मला ढकलून पाहिले. मी काठोकाठ भरलेली, तीस किलोंची. जागची हलले नाही. मित्रांनो, जन्मभर जी मला सांभाळत आली, तिला मीच पकडून ठेवले होते.

तिने हाका मारल्या. पण आमच्या आजूबाजूची घरे केव्हाच ओस पडली होती. किराणावाला शनिवारी येई आणि तो शुक्रवार होता. नोरीचा फोन रोज रात्री येई. तो वाजला तरी उचलणार कोण? आणि वर्ग तर बंदच झाला होता.

ऊन चढले. खड्ड्यात वारा येत नव्हता. शिगेनोचे ओठ सुकले. मग तिने डावा हात कसाबसा माझ्या तोंडाशी नेला आणि बोटांनी चाचपून एक काकडी ओढून काढली. कोंडा पदराला पुसावा तसा अंगावरच्या एप्रनला पुसला आणि ती काकडी सावकाश चावून खाल्ली. तिच्यातले पाणी, तिच्यातले मीठ. तासाभराने आणखी एक. तिसरी काकडी खोल होती, तिच्या बोटांना लागेना.

तिने वरचा दगड डाव्या हाताने उचलला. मला वाटले, आता ही मला फोडणार. फोड ग बाई, असे मला ओरडून सांगावेसे वाटले. पण ती दगड मांडीवर घेऊन स्वतःशीच म्हणाली, "फोडली तर खापऱ्या माझ्याच पायात घुसतील. आणि सासूबाई वर वाट बघत बसल्यात, त्यांना काय सांगू?" आणि त्या अवस्थेतही ती थोडी हसली.

नंतर मात्र ती बोलेनाशी झाली. डोके माझ्या काठावर टेकून डोळे मिटून राहिली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी तो मोजत होते. मला दुसरे करता येण्यासारखे काही नव्हते.

दुपारी दोन वाजता बाहेर पावले वाजली.

"कुणी हाय का घरात? अवं आजीबाई, कवाड उघडता का?"

आवाज बाईचा होता. बोली मात्र शंभर वर्षांपूर्वीची, शिगेनोच्या आजीच्या तोंडची. शिगेनोने डोळे उघडले. ओरडायला गेली, पण घशातून आवाज निघेना. बाहेरची पावले दाराशी घुटमळली आणि मागे वळली.

तेव्हा शिगेनोने सगळे बळ एकवटले आणि तो दगड माझ्या झाकणावर मारला. पक्की भाजलेली माती. टण्णकन आवाज झाला. पुन्हा मारला. तिसऱ्या घावाला झाकण दुभंगले. पण पावले थांबली होती.

आत आली ती नेऊझा. ब्राझीलमध्ये बस चालवणारी, रुंद खांद्यांची बाई. तिची आजी जपानातून जहाजाने तिकडे गेलेली, म्हणून नेऊझाला आजीची बोली येत होती. तिने खड्ड्यात पाहिले आणि क्षणभरही वेळ घालवला नाही. आधी शिगेनोला घोटघोट पाणी पाजले, घरातला फोन फिरवून मदत बोलावली, मग मला उचलू लागली. पण वाकून एवढे वजन उचलेना.

शिगेनो पुटपुटली, "फोड तिला. दगड घे."

"फोडू कशापायी? रिकामी करते की!"

तिने दोन्ही हात कोपरापर्यंत माझ्यात घातले आणि सगळा कोंडा उपसून मोठ्या भातपातेल्यात टाकला. हलकी झाल्यावर एका हिसक्यात मला बाजूला ओढले. शिगेनोचा पाय सुटला. थोड्या वेळाने अग्निशामक दलाचे चौघे आले आणि तिला पाठीवर बांधून पायऱ्या उतरले.

संध्याकाळी नोरी धावतपळत आधी दवाखान्यात आणि मग आईचे कपडे न्यायला घरी आला. स्वयंपाकघरात एक अनोळखी बाई कोंडा पुन्हा माझ्यात भरत बसली होती.

"तुम्ही कोण?"

"मी शिकायला आले व्हते. आज दोन वाजता माझा वर्ग व्हता."

"पण तो तर मी रद्द केला होता. तुम्हाला कळवलं होतं."

"माझा फोन धा-बारा दिसांमागं सायकलवरनं समुद्रात पडला. मला कायबी मिळालं न्हाई."

नोरी दारातच खाली बसला. मग त्याने जमिनीला कपाळ टेकून तिला नमस्कार केला. कितीतरी वेळ तो उठलाच नाही.

नेऊझाने पुढची सगळी सायकलसफर सोडून दिली. नऊ दिवस ती आमच्या घरी राहिली, मला रोज ढवळू लागली. अंड्याची गुंडाळी करून डब्यातून दवाखान्यात न्यायची. शिगेनो पडल्यापडल्या चाखायची आणि म्हणायची, "साखर जास्त. उद्या पुन्हा." अशा रीतीने तो वर्ग पुरा झाला.

शिगेनोला पुन्हा डोंगर चढता येणार नव्हता. नोरीने मला स्वतःच्या पाठीवर घेतले आणि खाली उतरवले. ऐंशी वर्षांनी मी सूर्य पाहिला. मला वाटले, सुटले!

पण नवव्या मजल्यावर मी सिंकखालच्या कपाटात गेले. शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून नोरीने माझ्या तोंडाला प्लास्टिक बांधून वरून चिकटपट्टी लावली. शिगेनोला खिडकीजवळ मऊ खुर्ची मिळाली. शेगडीला हात लावायचा नाही, एकटीने बाहेर जायचे नाही, असे बजावले होते. सगळे तिच्या काळजीपोटीच. ती कुरकुरली नाही. फक्त दिवसेंदिवस कमी बोलू लागली. आणि कपाटात माझा कोंडा आंबत होता.

विसाव्या दिवशी जेवताना नोरी म्हणाला, "आई, अजून थोडा भात घे ना. इथे काही कमी आहे का?"

शिगेनो म्हणाली, "काही कमी नाही रे. त्या खड्ड्यातही मी सुरक्षितच होते. कुठे पडणार होते?"

नोरीने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. उठला, कपाट उघडले आणि चिकटपट्टी ओढून काढली. भपकन वास आला. वर पांढरा थर धरला होता.

"मेला का ग हा?"

"बघू. वरचं काढून टाक. मूठभर मीठ घाल. बाही वर कर की! सासूबाई असत्या तर हातावर फटका बसला असता."

पन्नाशीचा नोरी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यात हात घालून उभा होता. शिगेनोने काठी टेकत येऊन आपला वाकडा झालेला हात त्याच्या हाताशेजारी घातला. कोंडा खाली अजून ऊबदार होता.

मित्रांनो, आमचे सगळे चांगले झाले असे मी म्हणणार नाही. कपाट अरुंद आहे आणि त्या खिडकीतून बेट दिसत नाही. पण शनिवारी इमारतीतल्या चारजणी शिकायला येतात आणि शेगडी शिगेनोच पेटवते.

तुमच्याही घरचे कुणी म्हातारे माणूस दूर राहत असेल. फोनवर विचाराल तर ते 'सगळं बरं आहे' असेच सांगेल. म्हणून तुम्ही स्वतः जा. दार उघडा. थोडा कुबट वास येईल, येऊ द्या. बाह्या वर करा आणि विचारा, "मला शिकवशील का?"