सदतीस नंबरचं रक्त

"तुह्यी मशीन लबाड बोलते, नंदे," सीटी स्कॅनच्या खोलीतून शर्टाची बटणं लावत बाहेर येताना घनश्याममामा म्हणाला. "माह्यं लिव्हर एकदम चोख आहे म्हणते डाक्टर."

नागपूरच्या दवाखान्यातली ही दुसरी तपासणी. आधीच्या सोनोग्राफीतही काही निघालं नव्हतं. डॉ. नंदिनी वलथरेला हसू आलं नाही. यकृताच्या कर्करोगामागे तिची एकोणीस वर्षं गेली होती. गाठ चांगली नजरेत भरण्याआधीच तिच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात; ते हुडकणारी चाचणी तिनं हैदराबादच्या प्रयोगशाळेत उभी केली होती. पहिली गावपातळीवरची तपासणी कुठे करायची, हा प्रश्न तिला पडलाच नाही. करडी गावात मामा-मामीच्या घरी राहून ती शिकली होती. दिवाळीनंतर तिथे बासष्ट जणांचं रक्त घेतलं, त्यात सदतीस नंबर तेवढा वाईट निघाला. यादीत सदतीसासमोर नाव होतं घनश्याम. गावात कुणालाच नवल वाटलं नाही. तरुणपणी मामानं मोहाची दारू बरीच रिचवली होती, त्यामुळे निदान गावानं परस्परच करून टाकलं.

आणि आता मामा ठणठणीत. संचालकांचा फोन आला, "एकच सापडला, तोही खोटा. मार्चनंतर हा प्रकल्प चालवणं कठीण आहे."

हैदराबादला परतल्यावर तिनं शीतपेटीतून सदतीसची उरलेली नळी काढली. कुठेतरी पाणी मुरत होतं. सगळ्यात सोपी तपासणी तिनं आधी केली: रक्त बाईचं की पुरुषाचं. वाय गुणसूत्राचा मागमूस नव्हता. तिनं तीनदा पाहिलं. रक्त बाईचंच होतं.

म्हणजे चाचणी चुकली नव्हती. ती खुर्चीतून उठलीच, इतका आनंद झाला. मग त्या आनंदाची तिला लाज वाटली. कुण्या बाईच्या पोटात गाठ धरली होती आणि नंदिनी मामाला नागपूरच्या वाऱ्या करायला लावत होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. यात चार महिने गेले होते.

तिसऱ्या दिवशी ती करडीला पोचली. कुंतामामी ओसरीवर झिंगे निवडत बसली होती. मामा खाटेवर होता.

"मामी, आमी रक्त घेतलं त्या दिवशी मामा कोठी गेला होता?"

"तुमसरले. मासोऱ्या इकाले."

"मंग त्याच्या नावानं रक्त कोणं देल्लं?"

"मीनं," मामी म्हणाली. "पुकारा झाला घनश्याम, मी हाजर म्हणलं."

मासेमारांच्या संस्थेच्या हजेरीत नावं सगळी पुरुषांची. तलावात जाळं ओढायच्या दिवशी पुकारा नवऱ्याचा होतो आणि तो बाजारात असला की बायको हाजर म्हणून पाण्यात उतरते. मामी तीस वर्षं तशीच उतरत आली होती. नंदिनीनं रक्तासाठी तीच यादी उचलली. रक्त घेणाऱ्या मुलींनी नंबर पाहिला, माणूस पाहिला नाही. आणि ही हजेरी ऐकत लहानाची मोठी झालेली नंदिनी तेव्हा आत नळ्या बर्फात रचत होती. चूक तिचीच होती.

"सांगतलं काहून नाही?"

"कोणी इचारलं कोठी? तुह्या कामात खाडा पडू नाही म्हणून उठली मी."

नंदिनी तिच्यासमोर उकिडवी बसली. "मामी, खराबी मामाच्या रक्तात नाही. तुह्या रक्तात आहे."

मामीचे हात थांबले. खाटेवर मामा उठून बसला.

"मी तं कधी थेंबही घेतला नाही बाप्पा," मामी म्हणाली.

"नाही घेतला तरी होते, मामी. गाडी आणली आहे. आजच नागपूरले जाऊ."

मामीनं सुपातला उरलेला कचरा वेगळा काढला, झिंगे झाकून ठेवले.

"पण तुह्यी परीक्षा खरी निंगाली नं?"

"हो."

"मंग चांगलं झालं. एवढी वरसं शिकली तू." ती मामाकडे वळली. "ऐकलं का हो? पोरीचं काही चुकलं नाही."

मामा मान खाली घालून आपल्या हातांकडे पाहत राहिला.

निघण्याआधी नंदिनीनं नवी नळी काढली. या खेपेला तिला स्वतःच रक्त घ्यायचं होतं. मामीनं साबण लावून हात कोपरापर्यंत धुतला, पदरानं पुसला आणि पुढे केला. शीर चांगली ठसठशीत होती, तरी सुई जागेवर ठरेना. मामीनं वाट पाहिली. मग मोकळ्या हातानं तिनं नंदिनीचं मनगट धरलं आणि सुई आत जाईपर्यंत धरून ठेवलं.