उलटा वाचलेला फेसवॉश

बावीस वर्षं मी लेबलं वाचते आहे. वाचते म्हणजे त्यातल्या चुका काढते. शाम्पू, क्रीम, फेसवॉश, जे म्हणून बाटलीत भरतात त्या सगळ्याची लेबलं आमच्या छापखान्यात छापतात, आणि छपाईला जाण्याआधी प्रत्येक लेबल माझ्या टेबलावरून जातं. नायसिनामाइड, फिनॉक्सीइथेनॉल, कोकामिडोप्रोपिल बीटेन! झोपेतून उठवून विचारा, एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही. त्यांचा अर्थ मात्र मला कुणी कधी विचारला नव्हता, त्यामुळे तोही आपल्याला येतो असा माझा आपला गोड समज होता.

गेल्या महिन्यात माझ्या लेकीने तो विचारला.

लेक सतरा वर्षांची. वर्षभरापूर्वी तिच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या यायला लागल्या, आणि त्या जसजशा वाढल्या तसतसं तिचं बोलणं आटत गेलं. ताट घ्यायचं, खोलीत जायचं, दार लावायचं. काय झालं विचारलं की "काही नाही." चार महिने आमच्यात एवढंच संभाषण. आणि त्या दिवशी मी कामाला निघताना चपला शोधत होते, तर ती आपणहून बाहेर आली, टी-शर्टची कॉलर हनुवटीपर्यंत ओढलेली, आणि म्हणाली, "आई, कुठला फेसवॉश घेऊ गं? तुला कळतं ना त्यातलं?"

इथे कुठलीही शहाणी बाई म्हणाली असती, नाही गं कळत, पण आपण डॉक्टरांना विचारू. मी म्हणाले, "कळतं म्हणजे काय! बावीस वर्षं काय गवत उपटलं मी?" चार महिन्यांनी ते दार उघडलं होतं. ते परत बंद होऊ नये, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं, आणि त्यासाठी मी काहीही ठोकून द्यायला तयार होते.

संध्याकाळी परस्पर दुकानात गेले. फेसवॉशची ती भिंत बघूनच छाती दडपली. तेलकट त्वचेसाठी, कोरड्या त्वचेसाठी, संवेदनशील त्वचेसाठी, थकलेल्या त्वचेसाठी. शेवटची माझी असावी. दुकानातली मुलगी "काही मदत करू का?" म्हणत आली, तेव्हा मी तिला "मी याच क्षेत्रातली आहे" असं सांगून वाटेला लावलं. हे वाक्य आठवलं की अजून कान गरम होतात.

आता मी लेबलं कशी वाचते ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच झाला. घटकांची यादी आम्ही तपासनीस शेवटून वाचतो. सरळ वाचलं की डोळे पुढचा शब्द आपोआप ओळखतात आणि चूक निसटते. उलटं वाचलं की प्रत्येक शब्दाशी अडखळावंच लागतं. बावीस वर्षांत ही सवय इतकी मुरली आहे की मी वाण्याची यादीसुद्धा खालून वर वाचते.

तशीच मी ती पहिली बाटली वाचली. शेवटून. लॅव्हेंडर तेल, मध, कोरफडीचा अर्क, काकडीचा अर्क, ग्रीन टी. वा! ही बाटली आहे का बाग? वर अक्रोडाच्या टरफलाची भुकटी. पौष्टिक! पुढे सॅलिसिलिक ॲसिड, सोडियम लॉरिल सल्फेट वगैरे मंडळी होती, पण तिथवर पोचेपर्यंत माझं मन भरलेलं होतं. शिवाय संपूर्ण लेबलावर एकही चूक नव्हती. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. ज्यांनी लेबल इतकं नीट केलं ते आतला माल काय वाईट भरतील, असा विचार माझ्या डोक्यात खरोखर आला.

दुसरी बाटली साधी, पांढरी, बिनवासाची. शेवटून वाचायला घेतली तर फिनॉक्सीइथेनॉल, सायट्रिक ॲसिड, डायसोडियम ईडीटीए. नुसता कारखाना! आणि वर सिटिल अल्कोहोल. दारू? माझ्या पोरीच्या तोंडाला? ठेवली परत. 'सिटिल'मधलं एक अक्षरही पुसट छापलं होतं.

घरी येऊन लेकीला नुसती बाटली दिली असती तरी चाललं असतं. मी व्याख्यान दिलं. कोरफड थंडावा देते, मध मऊपणा देतो, अक्रोड मृत त्वचा काढतो. "दिवसातून चार वेळा धू," असंही वर सांगितलं, कारण चांगली गोष्ट जितकी जास्त तितकी चांगली. नवरा कोपऱ्यातून ऐकत होता. हा गृहस्थ ज्या साबणाने पाय घासतो त्यानेच तोंड धुतो आणि त्याचे गाल लहान बाळासारखे आहेत. तो म्हणाला, "एवढं सगळं तोंडाला लावायचं का खायचं?" मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. लेक मात्र हसली. थोडीशीच, पण हसली, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी तिने कॉलर डोळ्यांखालपर्यंत ओढली. "झोंबतंय," म्हणाली. मी म्हणाले, "म्हणजे काम करतंय." चौथ्या दिवशी ती कॉलेजला गेली नाही. पाचव्या दिवशी मी दारावर टकटक केली तर आतून "काही नाही"सुद्धा आलं नाही.

सहाव्या दिवशी छापखान्यात मॅडम सल्फेट आल्या. हे नाव आम्ही ठेवलेलं. त्या एका कारखान्यात रसायनतज्ज्ञ आहेत, फेसवॉश बनवतात आणि लेबलांच्या मंजुरीला स्वतः येतात. मी पर्समधून बाटली काढली. मोकळी होती, म्हणजे लेकीने उरलेला फेसवॉश बेसिनमध्ये ओतून दिला होता.

"माझ्या मैत्रिणीच्या मुलीला हे लावून त्रास झाला," मी म्हणाले.

मॅडमनी बाटली फिरवली. त्या सरळ वाचतात. "पाण्यानंतर लगेच लॉरिल सल्फेट. बक्कळ फेस आणि चेहरा कोरडाठाक. सॅलिसिलिक पुटकुळ्यांना वाईट नाही, पण याच्यासोबत? वर अक्रोडाची भुकटी? किती वेळा धुवायला सांगितलं?"

"चार."

"चेहरा होता का करपलेलं पातेलं?"

"पण त्यात कोरफड आहे ना, मध आहे..."

"अहो, घटक उतरत्या क्रमाने लिहितात. सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. शेवटची ही फुलंबिलं म्हणजे नावाला दोन थेंब. त्यातही वासाचं तेल सोलवटलेल्या त्वचेला आणखी झोंबतं. तुम्ही इतकी वर्षं लेबलं तपासता आणि तुम्हाला हे माहीत नाही?"

कान कुठे लपवावेत कळेना. मी दुकानातल्या त्या साध्या पांढऱ्या बाटलीचं आणि तिच्यातल्या सिटिल अल्कोहोलचं विचारलं. त्या हसल्या. "ती दारू नव्हे हो. मेणासारखं असतं, त्वचा मऊ ठेवतं. ती पांढरी बाटलीच घ्यायला हवी होती. आता सगळं बंद. कोमट पाणी, ते साधं क्लेन्झर, दोनच वेळा. आठवड्यात कमी झालं नाही तर त्वचेच्या डॉक्टरकडे न्या." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मैत्रिणीच्या मुलीची त्वचा मुळात आहे कशी? तेलकट? कोरडी? कपाळ तेलकट आणि गाल कोरडे असं काही?"

मॅडम वाट बघत होत्या आणि मला माझ्याच पोरीचा चेहरा डोळ्यांपुढे आणता येईना. तिला वाईट वाटू नये म्हणून मी वर्षभर तिच्याशी बोलताना तिच्या खांद्यामागच्या भिंतीकडे बघत आले होते. स्वतःला मी समजूतदार आई समजत होते. मी माझ्या मुलीकडे बघणंच सोडून दिलं होतं.

"माझीच मुलगी आहे," मी म्हणाले. "आणि मला माहीत नाही."

अर्धा दिवस रजा टाकून पांढरी बाटली घेऊन घरी गेले. दाराबाहेर जमिनीवर बसले आणि दाराला सांगितलं, "मला त्यातलं काही कळत नाही गं. स्पेलिंग येतं फक्त. तुझा चेहरा माझ्या शेखीमुळे जळला."

आतून कडी निघाली.

"बघू दे," मी म्हणाले आणि चष्मा लावला.

"चष्मा लावून?"

"त्याशिवाय दिसत नाही मला."

ती पलंगावर बसली, कॉलर खाली केली, डोळे मिटले. मी खिडकीचा पडदा सारला. कपाळ तेलकट. गाल लालभडक, नाकाच्या कडांना पोपडे. हनुवटीवरच्या पुटकुळ्या तशाच. माझं बोट लागलं तशी ती दचकली, पण मागे सरली नाही.

"सापडल्या का चुका?" डोळे न उघडता तिने विचारलं.

मला रडू आवरेना. एक थेंब टपकन तिच्या गालावर पडला आणि ती 'स्स्' करून कळवळली.

"आई, रडू नकोस गं," ती म्हणाली. "मीठ असतं त्यात. फार झोंबतं. सहा दिवस रडून बघतेय ना मी."