संकेश्वरचा अर्धा तास

निपाणीच्या श्रीपाल आप्पांच्या घरात पंधरवडाभर एकच विषय चालला होता. विजेवरची गाडी साधी घ्यायची की मोठ्या बॅटरीची लाँग रेंज? जेवताना तेच, बी-बियाणाच्या दुकानात गिऱ्हाइकासमोर तेच, बस्तीत देवदर्शन करून येताना वाटेत कोण भेटला तरी तेच. ऐकणाऱ्याला वाटावं, काय हौशी घर आहे. खरी गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत होती, पण ती तोंडावाटे कुणी काढत नव्हतं. गाडीच्या आडून सुनेच्या नोकरीचा निकाल लावायचा होता.

सून त्रिशला. रसायनशास्त्रात एम.एस्सी. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षं ती पदवी ट्रंकेत साड्यांच्या खाली पडून होती. आता खानापूरच्या एका कॉलेजात तिची निवड झाली होती आणि एक तारखेला हजर व्हायचं होतं. निपाणी ते खानापूर शंभर किलोमीटर. बसनं जायचं तर बेळगावात बस बदला, अंधारात निघा, अंधारात परत या. या घरात नडत होतं ते हे अंधारात येणं. चोराचिलटाची भीती नव्हती. घर जैनांचं, दिवस बुडाला की पाण्याचा घोटसुद्धा कुणी घेत नाही. संध्याकाळचं जेवण उजेडात उरकायचं, आणि ते जेवण त्रिशला करायची.

म्हणून नवऱ्यानं, कुमारनं, गाडीची टूम काढली. माणूस वाईट नव्हता. बायकोनं शिकवावं असं त्याला मनापासून वाटत होतं, फक्त त्यासाठी घरातलं भांडं इकडचं तिकडं होता कामा नये एवढंच. आप्पांनी हिशोब मांडला. साडेतीनला कॉलेज सुटणार, दोन तासांत घर, सहाच्या सुमाराला सूर्य बुडणार, भाजी सकाळीच चिरून ठेवली की झालं. अडत होतं ते एका ठिकाणी. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर साधी गाडी काढेल का? नाही काढली तर वाटेत चार्जिंगला थांबायचं, थांबलं की सूर्य बुडायचा, आणि सूर्य बुडाला की नोकरीही बुडाली. असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती.

पारख करायला रविवार धरला. कुमारचा वर्गमित्र साईराज, अनगोळचा, बेळगावात गाड्यांच्या शोरूममध्ये होता. त्यानं दाखवायची साधी गाडी एका दिवसापुरती देऊ केली. कुमारनं ती शनिवारी आणून रात्रभर घरी चार्ज केली, आणि रविवारी दुपारच्या जेवणानंतर सगळं घर गाडीत बसलं. कुमार चालवायला, आप्पा पुढं, आत्ती आणि त्रिशला मागं. आत्ती म्हणजे सासूबाई, चंदना. जातोयच तर म्हणून आप्पांनी खानापूरच्या गिऱ्हाइकासाठी भाताच्या बियाण्याची दोन पोती डिकीत टाकली. व्यापारी माणूस मोकळी गाडी पळवत नाही. पलीकडं गिऱ्हाईक घरात नव्हतं, तेव्हा ती पोती तशीच परत आली. आत्तीला धुळीनं खोकला येतो म्हणून काचा बंद आणि एसी चालू. त्रिशलाकडं लायसन होतं, पण जी गाडी तिला रोज चालवायची होती, त्या गाडीत ती मागं बसली होती. चालवून बघ असं तिला कुणी म्हटलं नाही, आणि तिनंही मागितलं नाही.

जाताना तवंदीचा घाट चढतानाच आकडा भराभरा उतरायला लागला. खानापूरहून परतताना हत्तरगी मागं पडली आणि आकड्याशेजारी लाल दिवा लागला.

"पोचंल काय रं?" आप्पांनी विचारलं.

"पोचंल, पण ढकलत," कुमार म्हणाला आणि संकेश्वरला एका हॉटेलच्या मागं चार्जरजवळ गाडी लावली.

पाऊण तास लागणार होता. हॉटेलातून कांदा परतल्याचा वास येत होता. खाण्याचं बरोबर कुणी काही घेतलं नव्हतं, कारण संध्याकाळचं जेवण घरात होतं हे ठरलेलं. ते करणारी इथं गाडीत बसली आहे, मग घरात ते कोण करणार, हा विचार निघताना कुणाच्या डोक्यात आला नव्हता. आत्ती खाली उतरली, पश्चिमेकडं तोंड करून उभी राहिली आणि सूर्य उसाच्या तुऱ्याआड जाईपर्यंत हलली नाही.

"बुडाला," ती म्हणाली. "आता उद्या उजाडल्यावरच पाणी."

"लाँग रेंज असती तर एव्हाना ताटावर असतो," कुमार म्हणाला.

आप्पांनी गुडघ्यावर हात मारला. "मग ठरलं तर. लाँग रेंजच घ्यायची. जाऊंदेत चार पैसे जास्ती. त्रिशला, तुझ्यासाठनं करतोय बघ. साडेपाचला घरात, सहाच्या आत पानं. कुणाचं काय अडायचं न्हाय."

आप्पा हे प्रेमानं बोलत होते, आणि अवघड होतं ते त्यामुळंच. शिवी दिली असती तर उलट बोलता आलं असतं. त्रिशला म्हणाली, "व्हय आप्पा," आणि म्हणता म्हणता तिला तो रोजचा दिवस समोर दिसला. पाचला उठून स्वयंपाक, मग शंभर किलोमीटर, चार तास खडू, मग परत शंभर किलोमीटर, गाडी लावायची, चप्पल काढायची आणि पदर खोचून कुकर चढवायचा. मोठी बॅटरी घेतली की वाटेत थांबायचं एकही कारण उरणार नव्हतं. तीन माणसं घड्याळाकडं बघत भुकेली बसलेली असणार आणि ती भूक रोज शंभर किलोमीटर लांबून तिला ओढत असणार.

कुमारनं साईराजला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोन बॉनेटवर ठेवला.

"साईराज, साधी न्हाय चालत लेका. संकेश्वरात मान टाकली."

"किती जणं हायसा गाडीत?"

"चौघं."

"डिकीत काय हाय?"

"दोन पोती."

"एसी?"

"चालू हाय. आईला खोकला."

पलीकडं साईराज हसायला लागला. "कुमऱ्या, वहिनींच्या मागनं रोज ही वरात कॉलेजला जाणार हाय व्हय? अरं, एकटं माणूस असलं, एसी बंद, दमानं आणली तर घरापत्तर येतीया. आली न्हाय तर धा-पंधरा मिनटं लावली की बास. वजनाचं काय धरलासा तुमी?"

फोन बंद झाला. पंधरा दिवस चाललेल्या हिशोबात सूर्य धरला होता, घाट धरला होता, आत्तीचा खोकलासुद्धा धरला होता. या गाडीत रोज एकटी बाई असणार हे कुणी धरलंच नव्हतं. त्रिशलानंसुद्धा नाही. याची तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"आप्पा," ती म्हणाली, "साधीच घेऊया."

"अगं, पण थांबाय लागणार की. कवा धा मिनटं, कवा पंधरा."

"मी अर्धा तास थांबणार."

"कशाला?" कुमारनं विचारलं.

"जेवाय. सकाळी करतोय त्यातलंच डब्यात घेणार. पाचला हितं गाडी लावायची, दिवस हाय तवर खायाचं, गाळलेलं पाणी संगट असतंयच, मग घराकडं यायचं."

आत्ती वळली. "सकाळचं संध्याकाळी खाणार? रस्त्यावर बसून?"

"आप्पा हुबळीला माल आणाय जात होते तवा काय खात होते, आत्ती? तुमीच बांधून देत होता न्हवं?"

"बापय माणसाचं येगळं असतंय, बाई."

"भूक तीच की, आत्ती. नियमबी तोच."

"आणि घरात?" आप्पांचा आवाज जरा चढला. "आमी काय करायचं?"

तीन वर्षांत त्रिशला आप्पांपुढं सलग चार वाक्यं बोलली नव्हती. "घरात तीन माणसं हायत, आप्पा. नियम जेवायचा हाय. रांधायचं माझ्याच हातनं, असं मुनी महाराजांनी कुणाला सांगितलंय?"

आत्तीनं तोंडाला पदर लावला. कुमार चार्जरवरचा आकडा असा वाचायला लागला की जणू त्यात त्याचं नाव येणार होतं. संसारात ज्या क्षणी नवऱ्यानं एक शब्द बोलायचा असतो, त्या क्षणी तो असलं काहीतरी वाचत असतो.

"माणसं काय म्हणतील?" आप्पा म्हणाले. "पैसं वाचवाय सुनंला हॉटेलाच्या मागं जेवाय बसवली म्हणतील."

"म्हणतील," ती म्हणाली. "चार दिवस म्हणतील."

"मी चांगली मोठी गाडी देतोय आणि तू बारकी मागतीयास. हे काय शानपण?"

"मोठी घेतली की मी रोज साडेपाचला घरात, आप्पा. मला तो अर्धा तास पायजे."

कशासाठी ते तिला सांगता आलं नसतं. काही करायचं नव्हतं त्या अर्ध्या तासात. कुणाचं ताट वाढायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही, मागं कुणी वाट बघत नाही. एवढंच. मागितल्यावर तिला कळलं की आपण फार मोठं मागितलंय.

आप्पा गाडीला टेकले. माणूस हिशोबी. नाही म्हणायला कारण शोधत होते आणि सापडत नव्हतं, म्हणून त्यांचा चेहरा जड झाला होता. शेवटी म्हणाले, "एक तारखेला आजून आठ दिवस हायत. तवर बघू. झेपतंय का घराला."

"उद्यापासनंच बघूया," त्रिशला म्हणाली. "उद्या पाच वाजता मी संकेश्वरात हाय असं धरा."

घरी पोचले तेव्हा अंधार पडून गेला होता. चौघंही उपाशी झोपले. कुणी कुणाला दोष दिला नाही, पण भांडं वाजलं की सगळ्यांना ऐकू जात होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला त्रिशला डबा घेऊन माडीवर गेली. दार लावून घेतलं आणि पलंगावर बसली. ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगाची चटणी. सकाळची भाकरी कडक झाली होती. तिनं सावकाश खाल्ली. खाली सगळं शांत होतं. मग कुणीतरी पाटावरनं उठलं. मग कपाटाची दारं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग आत्तीचा आवाज, "तांदूळ आधी धू की रं," आणि कुमारचा, "धुतोय न्हवं."

आप्पा अंगणात येरझाऱ्या घालत होते. खिडकीतून तिला त्यांचं डोकं दिसत होतं. ते एकदा सूर्याकडं बघत होते, एकदा स्वयंपाकघराकडं. बस्तीच्या शिखरावरचं ऊन अजून गेलेलं नव्हतं.

फोन वाजला. खालून कुमार.

"हळदीचा डबा कुठला गं?"

"मी संकेश्वरात हाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आणि मग खरं अवघड सुरू झालं. कुणी बोलवत नव्हतं, कुणी रागावत नव्हतं, पण तिचे पाय आपोआप जमिनीवर टेकले होते. हळद खालच्या फळीवर डावीकडं. दोन मिनिटांचं काम. गेली तर भात वेळेत होईल, आत्ती जेवेल, आप्पांचं डोकं शांत होईल आणि पुढल्या आठवड्यात शोरूमला लाँग रेंजची ऑर्डर जाईल. खाली कुकरची पहिली शिट्टी झाली. उजेड शिखरावरून उतरून झाडांवर आला होता. ताटं मांडल्याचा आवाज अजून येत नव्हता. त्रिशलानं पाय वर घेतले, मांडी घातली आणि खिडकीकडं तोंड करून बसून राहिली.