माझ्या लोलकावरची बोटे

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. मुठीत मावेन एवढीच, पण आवाज माझा खणखणीत! ग्रोसनबाख या जर्मन गावच्या नगरसभेत नगराध्यक्षांच्या मेजावर माझी नेमणूक झाली. तिथली एक रीत होती. ज्याच्याविरुद्ध ठराव येई, त्याला शेवटचा शब्द मिळे. तो बोलताना कोणी गलका केला, की मी वाजायचे आणि भलेभले गप्प बसायचे. मला केवढा अभिमान वाटायचा!

नगराध्यक्ष होते अन्सेल्म रॉयशेल. माणूस सज्जन, पण भांडण म्हटले की ते चार पावले मागे सरायचे. धान्याचे व्यापारी झीगमुंड लोएब हे नगरसेवक त्यांचे जिवलग मित्र. दर गुरुवारी दोघे बिअर घेत पत्ते कुटायचे.

मग नाझी सत्तेवर आले. नगरसेवक कुनो ड्रेसेल, पेशाने खाटीक, नाझींचा तपकिरी गणवेश चढवून सभेत आला आणि त्याने ठराव मांडला, की लोएब ज्यू आहेत, त्यांना सभेतून काढून टाका. लोएब शेवटच्या शब्दासाठी उठले.

"ए, बस खाली!"

"धान्यात खडे मिसळून विकणाऱ्या, चालता हो!"

लोएब म्हणाले, "अन्सेल्म, घंटा वाजव ना रे."

रॉयशेलांनी मला उचलले. मी आसुसले होते. पण त्यांच्या घामेजल्या बोटांनी माझ्या पोटातला लोलक घट्ट धरून ठेवला. मी नुसतीच हलले. लोएब तसेच निघून गेले, टोपी तिथेच राहिली. ती घेऊन रॉयशेल मागे धावले. मी अजून त्यांच्या मुठीतच होते.

"खुर्चीवर राहिलो तरच तुझ्यासाठी काही करता येईल ना मला! समजून घे."

"टोपी दे इकडे," लोएब म्हणाले. "आणि गुरुवारी दुसरा गडी बघ."

पुढे लोएब कुटुंबाने गाव सोडले. रॉयशेल स्टेशनवर त्यांची पेटी उचलायला गेले, तेवढेच निमित्त झाले. आता रॉयशेलांनाच काढण्याचा ठराव आला. ठराव अध्यक्षांविरुद्धच, म्हणून त्या दिवशी खुर्चीवर ड्रेसेल होता.

"रीतीप्रमाणे शेवटचा शब्द माझा," रॉयशेल म्हणाले. एकच गलका उसळला. त्यांनी आशेने माझ्याकडे पाहिले. ड्रेसेलने मला उचलले आणि हसत माझा लोलक चिमटीत धरला.

"साहेब, हे तुमच्याकडूनच शिकलो बरं का!"

त्यानंतर सभेत एकटा ड्रेसेलच बोलायचा. मग घंटेचे काय काम? मी कपाटात कळकून हिरवी पडले. युद्ध संपल्यावर कोणीतरी मला घासून पुन्हा मेजावर ठेवले. लोएब कुटुंबाचे काय झाले, ते गावात कोणालाच ठाऊक नाही.

म्हातारे रॉयशेल अजून सभेला येतात, मागच्या बाकावर बसतात. मी वाजले, की स्वतःच्या बोटांकडे पाहत राहतात. मला त्यांचा राग येतो आणि कीवही येते.

मित्रांनो, मला लखलखीत ठेवले नाही तरी चालेल. वेळेवर वाजवा, एवढेच मागणे आहे.