मि. अत्तार

मिसबाने यादीतली चौऱ्याऐंशीवी ओळ वाचली आणि माऊसवरचा तिचा हात तिथेच थांबला.

‘कॉपीराइट २००३–२०११, सं. गायकवाड आणि मि. अत्तार.’

“हेच ते, मॅम,” शेजारच्या खुर्चीतून निकिता म्हणाली. “यांना केलेला ईमेल परत येतोय. क्लायंट म्हणतो, नावांची यादी फार लांबली. हा प्रोग्रॅम काढून टाकू? दोन दिवसांत आपला आपण लिहू.”

कोथरूडच्या त्या ऑफिसात गाडीतल्या पडद्यासाठी सॉफ्टवेअर तयार होई. त्यात वापरलेल्या ओपन सोर्स प्रोग्रॅमांच्या अटी तपासणं हे मिसबाचं काम. बहुतेकांची अट एकच असे : खुशाल वापरा, बदला, विका, फक्त लिहिणाऱ्याचं नाव पुसू नका.

“अट काय आहे याची?”

“नेहमीचीच. वापरलं तर दोन्ही नावं ठेवावी लागतील.”

“अर्धा तास दे मला.”

निकिता उठून गेली. ऑफिसात सगळे तिला मिसबा बागवान म्हणून ओळखत. तिचं माहेरचं आडनाव कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी कसबा पेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये ती आणि संजय गायकवाड शिकवायचे. तो खडकीहून सायकलने यायचा. एका वाचनालयाला सभासदांची यादी अकारविल्हे लावून हवी होती, आणि मशीन काही केल्या ज्ञानोबांना नेऊन ‘ज’च्या घरात बसवी. संजयने दोन दिवस डोकं आपटलं. शेवटी मिसबा त्याच्या पाठीमागून पडद्याकडे बघत म्हणाली, “अरे, क्ष आणि ज्ञ मुळाक्षरांत शेवटी येतात. पहिलीतलं पोरही सांगेल. मशीनला तसं सांग की.” मग दोघांनी बसून ते सांगितलं. यादी पाच दिवसांत लागली. तरी त्या कामासाठी म्हणून दोघं तीन आठवडे क्लास सुटल्यावर थांबत राहिले.

जूनमध्ये तिचं लग्न ठरलं. संजय तो प्रोग्रॅम इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला करणार होता. वर दोघांची नावं शेजारी शेजारी लिहिलेली तिने पाहिली आणि मान खाली घातली.

“माझं काढ. अब्बांना कुणी दाखवलं तर...”

तो बराच वेळ बोटाने कीबोर्डवरची धूळ पुसत राहिला.

“काढतो,” म्हणाला.

तेच त्यांचं शेवटचं बोलणं. नवरा, अझीम, भला माणूस निघाला. दोन मुली झाल्या. संसारात उणं काढावं असं काही नव्हतं. फक्त लोणावळ्याला जाताना खडकी स्टेशन आलं, की ती वाक्य अर्ध्यावर सोडून फलाटाकडे बघत बसे.

मिसबाने प्रोग्रॅमच्या बदलांची नोंद उघडली. काय बदललं आणि का, ते लिहिणारा तिथे एका ओळीत टिपून ठेवतो.

‘१७ जून २००३. मि.च्या सांगण्यावरून तिचं नाव काढलं.’

‘१८ जून २००३. परत घातलं. ज्ञ तिचा आहे.’

तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि हातातच धरून ठेवला. मग डोळे बारीक करून पुढचं वाचलं. पुढे दर जानेवारीत एकच बदल होता : दोन्ही नावांआधीचं वर्ष एकाने पुढे सरकवलेलं. २००४. २००५. असं २०११पर्यंत. त्यापुढे काहीच नव्हतं.

पत्ता बंद आहे हे ऐकलं होतं, तरी तिने स्वतःच्या ईमेलवरून दोन शब्द पाठवले. ‘मी मिसबा.’ मिनिटभरात ते परत आले.

निकिता आली तेव्हा चष्मा जागेवर होता.

“काय ठरलं, मॅम?”

“राहू दे. दोन्ही नावांसकट.”

“आणि क्लायंट?”

“त्याच्याशी मी बोलते. त्याला म्हणावं, एका ओळीने पडदा फुटत नाही.”

निकिता हसली आणि मंजुरीचा फॉर्म भरायला बसली. एका रकान्यापाशी अडली.

“लेखकांशी संपर्क झाला का, असं विचारलंय. ‘नाही’ टाकते.”

“थांब.”

मिसबाने कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि सावकाश टाइप केलं, ‘दोघांपैकी एकीशी झाला.’