आजारी न पडलेल्या गाई

मी एक जुनी लसपेटी आहे, मित्रांनो. बाहेरून निळी, आतून जाड थर्माकोलची, आणि खांद्याला अडकवायला कॅनव्हासचा पट्टा. गोठ्यांवरची माणसं मला सरळ 'बर्फाचा डबा' म्हणतात आणि माझी त्याला हरकत नाही. साच्यातून बाहेर पडले तेव्हा मला वाटलं होतं की माझ्यात आइस्क्रीम ठेवतील. नशिबी आला कात्रजच्या बाजूचा जनावरांचा दवाखाना आणि गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाच्या लसीच्या बाटल्या.

माझं काम ऐकायला सोपं आहे. लस तापली तर वाया जाते आणि गोठली तरी वाया जाते, म्हणून मधली थंडी सांभाळायची. एप्रिलच्या उन्हात, स्कूटरला बांधलेल्या अवस्थेत, कात्रजचा चढ चढताना हे करून बघा म्हणजे कळेल. मी ते वर्षानुवर्षं केलं, कारण ती स्कूटर डॉक्टर हेमा चालवत असत.

हेमा मॅडमबद्दल बोलायला लागले की मी थांबत नाही, तेव्हा आधीच सांगून ठेवते. अंगाने किरकोळ, आवाज हळू, पण बिथरलेल्या म्हशीशी बोलायला लागल्या की म्हैस कान टवकारून ऐकायची. मला त्या कधी उन्हात ठेवत नसत. स्वतः उन्हात उभ्या राहून मला झाडाखाली ठेवायच्या.

डोंगराच्या पायथ्याला, नव्या इमारतींच्या मागे, दहा-बारा गोठ्यांची एक वस्ती आहे. त्या वर्षी आम्ही तिथे लस घेऊन गेलो, तर लोकांनी दारातूनच परत पाठवलं. म्हणे लस टोचली की दूध आटतं. एकानेही जनावर पुढे केलं नाही. मी भरलेली गेले आणि भरलेली परत आले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

काही आठवड्यांनी त्याच वस्तीवरून फोन आला. एकामागून एक जनावरं तोंडातून लाळ गाळत होती, खुरांच्या बेचक्यात फोड आले होते, दूध निम्म्यावर आलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा माणसं वैजनाथच्या दारात जमली होती. वैजनाथ वाशीमकडचा. दिवसा खराडीला आयटी कंपनीच्या इमारतीत साफसफाईचं काम करायचा आणि सकाळ-संध्याकाळ आपली एकुलती एक गाभण गाय सांभाळायचा. वस्तीवर तो सगळ्यांत नवा होता. त्याचीही गाय लाळ गाळत होती, आणि लोकांनी निकाल देऊन टाकला होता: परमुलखातून आला, बाजारातून गाय आणली, रोग त्याच्यासोबत आला. आजच्या आज गाय घेऊन निघायचं.

"माही गाय आली तेव्हा चांगली होती जी," वैजनाथ मॅडमना म्हणाला. "अशा गायीले घेऊन मी कुठी जाऊ?"

मॅडमनी त्याला थांबायला सांगितलं. मग सगळ्यांना म्हणाल्या, "आजारी जनावर वस्तीबाहेर गेलं, तर जाईल त्या वाटेवर रोग पेरत जाईल. कुणीही कुठे जाणार नाही. आधी मला थोडं समजून घेऊ द्या."

मित्रांनो, त्यानंतर त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना मानते. त्यांनी मला जमिनीवर ठेवलं आणि माझ्या झाकणावर वस्ती मांडली. आजारी गोठ्यासाठी खडा, चांगल्या गोठ्यासाठी गुरांच्या खुराकातला मक्याचा दाणा. प्रत्येकाला त्या तेच विचारत होत्या: कुणाचं जनावर, कुठे बांधलेलं, आधी कुणाचं पडलं, नंतर कुणाचं. एरवी त्या एकेका गाईच्या डॉक्टर असतात. त्या दिवशी त्या अख्ख्या वस्तीची नाडी बघत होत्या. माझ्या झाकणाचा असा उपयोग होईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

वैजनाथची गाय महिनाभरापूर्वी आली होती. ती रोग अंगात घेऊन आली असती तर तो केव्हाच दिसला असता. शिवाय तिच्या आधी चार-पाच गोठे आजारी पडले होते. मग सर्वांत पहिलं कोण? बराच वेळ कुणाला आठवेना. शेवटी सीताराम आबांच्या सुनेने, मुक्ताईने, सांगितलं, "आमची कालवड. नणंदेच्या गावाहून आली ती. दोन दिवस लाळ गाळली, पण आबांनी काढा पाजला आन् बरी झाली. तिला कोन आजारी म्हनतंय?"

सीताराम आबा म्हणजे वस्तीचा मोठा आधार. कुणाचं जनावर अडलं की आबा धावायचे, आणि कधी कुणाकडून चहाशिवाय काही घेतलं नाही. त्यांच्याकडे बांबूची एक नळी होती, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. तिच्यातून ते जनावरांना काढा पाजायचे. कालवड बरी झाली तशी काढ्याची ख्याती पसरली. लोक आजारी जनावरांना तर पाजून घेत होतेच, पण रोग येऊ नये म्हणून चांगल्या जनावरांनाही पाजून घेत होते. वैजनाथकडे तर आबा आपणहून गेले होते; नवा माणूस, त्याला कोण आहे, म्हणून.

आता झाकणावर खडेच खडे होते आणि मधोमध एकच मक्याचा दाणा. तो दिगंबर जोशींचा गोठा. निवृत्तीनंतर हौसेने दोन गाई पाळणारे, जिभेने तिखट. दोन्ही बाजूंचे गोठे आजारी, नळाचं पाणी तेच, चारा त्याच टेम्पोतला, लस त्यांनीही घेतलेली नाही. तरी त्यांच्या गाई रवंथ करत बसलेल्या.

"तुम्ही वेगळं काय केलंत?" मॅडमनी विचारलं.

"काहीच नाही," जोशी म्हणाले. "आबा काढा घेऊन आले होते. मी म्हटलं, अहो, गाईला काही झालेलं नाही, मग औषध कशाचं? ते रागावले. माझ्यावर माणसं बऱ्याचदा रागावतात."

गर्दीसमोर आबांना विचारणं मॅडमनी टाळलं. त्यांना बाजूला, झाडाखाली बोलावलं. मला खांद्याला अडकवून नेलं होतं म्हणून ऐकलं.

"आबा, एकाला पाजून झालं की नळीचं काय करता?"

"काय करायचंय? बादलीत बुचकळायची आन् म्होरच्याला." एवढं बोलून आबा थांबले. "लाळंतनं जातो व्हय ह्यो रोग?"

"लाळेतून तर फारच. आणखीही वाटा आहेत, पण ही सरळ तोंडात नेणारी. कालवड काढ्याने बरी झाली नाही, आबा. मोठी जनावरं यातून बहुतेक आपोआप उठतात. तुमच्या मनात वाईट काही नव्हतं."

आबा सरळ गर्दीत गेले आणि सगळ्यांसमोर वैजनाथला म्हणाले, "तू न्हाई आनलास रोग. माझ्या घरात आला आन् माझ्या हातानं तुझ्या दारात गेला. पोरा, तू हितंच ऱ्हायचं." नळी त्यांनी चुलीत घातली.

आजूबाजूच्या वाड्यांत अजून रोग पोचला नव्हता. तिथे आधी लस टोचायची, लांबच्या वाडीपासून सुरू करून वस्तीच्या दिशेने यायचं, असं मॅडमनी ठरवलं. आबा मला उचलायला पुढे झाले, तर मॅडमनी अडवलं: "तुमच्या कपड्यांवर, चपलांवर रोग आहे. तुम्ही वस्तीबाहेर पडायचं नाही." स्वतः मॅडमनी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने हातपाय आणि बूट घासले, मलाही पुसून काढलं आणि कपडे बदलून दुसऱ्या दिवशी निघाल्या. आबांनी घरी बसून काम केलं. ओळखीच्या एकेकाला फोन लावून ते सांगत होते, "माझा काढा ऱ्हाऊ द्या. बाईंची लस घ्या." त्या वाड्यांनीही आधी आमच्या तोंडावर दार लावलं होतं, पण आता आबांच्या शब्दाखातर त्यांनी जनावरं रांगेत उभी केली. मी रिकामी होऊन परतले. लसपेटीला याहून मोठं सुख नाही.

रोग त्या वस्तीपुढे गेला नाही. दोन वासरं मात्र गेली, ते मी विसरलेले नाही. वैजनाथची गाय उठली, आणि दिवस भरल्यावर व्यालीसुद्धा. आपल्याकडे पहिला चीक शेजारीपाजारी वाटतात. वैजनाथ पहिला तांब्या घेऊन आबांच्या दारी गेला. आबांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

आता माझ्या बिजागऱ्या सैल झाल्या आहेत. दवाखान्यात नवी पेटी आली आहे आणि माझ्यावर बसून लोक चपला घालतात. नव्या पेटीबद्दल मला राग नाही. फक्त तिला उन्हात ठेवू नका, तिचं झाकण घट्ट लावा आणि तिला दारातून परत पाठवू नका.

आणि मित्रांनो, रोग आला की 'कुणी आणला' असं सगळेच विचारतात आणि बोट नेहमी नव्या माणसाकडे जातं. बोट उचलण्याआधी तुम्ही माझ्या झाकणावरचा तो मक्याचा दाणा आठवा. आधी विचारा, कोण आजारी पडलं नाही, आणि का. त्या एका दाण्यामुळे वैजनाथचं घर आज जागच्या जागी आहे.